राणे मॅडमची तिवरं

राणे मॅडम चिखल आधी हुंगायच्या, मग बाटलीत भरायच्या. ओहोटीला गोराईच्या खाडीत आम्ही विद्यार्थी नाकाला रुमाल लावून उभे असायचो आणि या बाई, समुद्रविज्ञान विभागाच्या प्रमुख, अत्तर पारखावं तसा चिमूटभर चिखल नाकाशी धरून डोळे मिटून उभ्या. "मॅडम, आपल्याकडे यंत्र आहे ना," मी पहिल्याच दिवशी शहाणपणा केला. "असू दे की. तू नाक काय घरी ठेवून आलीस?"

मूळच्या मालवणच्या, वाढल्या कांदिवलीत. एरवी शुद्ध बोलायच्या, पण कुतूहल चाळवलं की मालवणी बाहेर पडायची. तुम्ही कितीही छान निष्कर्ष मांडा, त्यांचा प्रश्न एकच: "कित्याक?" का म्हणून? उत्तर दिलंत की त्या उत्तरावर पुन्हा "कित्याक?" विभागातल्या भल्याभल्यांची या एका शब्दाने भंबेरी उडायची. त्यांच्या घरी जेवायला जाणं ही तर परीक्षाच. बोंबील तव्यावर पडण्याआधी त्याचं पोट बशीत उघडलं जायचं. "यानं काय खाल्लंय ते बघू दे, मग आपण याला खाऊ." आम्ही भुकेने कासावीस, आणि मॅडम चिमट्याने जवळा वेगळा करतायत.

त्यांचं नाव झालं ते तिवरांमुळे, खाडीत वाढणाऱ्या खारफुटीच्या झाडांमुळे. खाडीच्या एका काठावर नुसता मोकळा चिखल होता. तिथे त्यांनी तिवरांची रोपं लावली आणि हट्टाने जगवली. विभागाच्या पॅसेजमध्ये त्या झाडांचा मोठा फोटो होता. मी पीएचडीलाही तोच विषय घेतला. झाडं जोमात आहेत असं लिहून मी मॅडमकडे नेलं, तर त्या म्हणाल्या, "तिथे हिवाळ्यात तुतवार पक्षी चरायचे. आता येत नाहीत. कित्याक?"

"मॅडम, पक्षी माझ्या विषयात नाहीत."

"चिखलाच्या विषयात आहेत ना!"

तो सगळा हिवाळा आम्ही काठावर बसून काढला. शेजारी जो मोकळा चिखल उरला होता, त्यात पक्षी उतरत, चोच खुपसून किडे काढत. झाडांमध्ये मात्र एकही उतरेना. मॅडम रोज दोन्हीकडचे पक्षी मोजून वहीत आकडे मांडत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "ती जागा रिकामी नव्हतीच गं. मला रिकामी वाटली."

त्यांच्या निवृत्तीनिमित्त विद्यापीठाने ठरवलं की उरलेल्या चिखलातही तिवरं लावायची आणि त्या बनाला मॅडमचं नाव द्यायचं. त्या कुलगुरूंना जाऊन स्पष्ट नको म्हणाल्या. कुलगुरू हसले. "झाडं लावायला तुम्हीच नाही म्हणणार? लोक काय म्हणतील, मॅडम?" त्यांना हा निव्वळ विनय वाटला.

समारंभाच्या सकाळी काठावर मंडप, गमबूट घातलेले पाहुणे आणि पिशव्यांतली रोपं. मॅडमच्या हातात माईक आला. "ती झाडं मी लावली," तिवरांकडे हात करून त्या म्हणाल्या, "आणि चुकीच्या जागी लावली. पक्ष्यांच्या पुढचं ताट काढून घेतलं मी. आता उरलंय तेवढं तरी राहू दे. ही रोपं जिथे तिवरं तोडलीत तिथे न्या." टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. "अहो मॅडम, फोटोग्राफर आलाय," कुलगुरू पुटपुटले. मॅडम खाली उतरल्या आणि रोपं व चिखल यांच्या मध्ये जाऊन उभ्या राहिल्या. तिथून हलेचनात. हळूहळू पाहुणे पांगले, रोपं पुन्हा टेम्पोत चढली. नावाचा फलक लागला नाही, आणि पॅसेजमधला फोटोही पुढे कुणीतरी उतरवला.

मला भयंकर राग आला होता. कुलगुरूंचा आला होता आणि खरं सांगायचं तर मॅडमचाही. परतताना रिक्षात मी म्हटलं, "आयुष्यभराचं काम होतं हे तुमचं. दुसऱ्या कुणी सांगितलं असतं की, मॅडम."

"दुसऱ्या कुणाचं ऐकलं असतं त्यांनी?"

बोरिवली आली तेव्हा त्यांनी पदराने डोळे पुसले. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"झाडं वाढली मात्र सुंदर, नाही गं?" त्या म्हणाल्या.