हाडाची अक्का

हाडाची अक्का माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी मान. मी लग्न होऊन खजुरीला आले तेव्हा निजामाचं राज्य जाऊन दोन वर्षं झाली होती. शेजारच्या घरातून ही उंच, काळीसावळी बाई आली आणि नव्या सुनेला नाव विचारायच्या आधीच म्हणाली, "मान डावीकडं वढलीय. कमरेवरची घागर एकाच अंगाला घ्यायलीस व्हय?"

मोडलेली हाडं बसवायला ती बापाकडून शिकली होती. गिधाडांनी साफ केलेला बैलाचा सांगाडा रानात दाखवून बापानं तिला मानेचे मणी ओळखायला लावले होते. "बैलाला सात, उंदराला सात, माणसाला बी सातच," ती सांगायची. "पहिला मणी बांगडीवानी, दुसऱ्याला वर खुंटी. त्या खुंटीवर बांगडी फिरती, म्हणून मान हलवून न्हाई म्हणता येतंय."

एवढं ठाऊक असून मान मात्र ती कधी बसवत नसे. हात, पाय, खांदा, काहीही घेऊन या. मानेचं दुखणं आलं की ती गुलबर्ग्याच्या दवाखान्याची वाट दाखवायची. "हाड जुळतंय. पण मणी बांधून ठेवणारा बंद तुटला, तर त्याला गाठ कोण मारणार?" लोक तिला भित्री म्हणायचे.

माझा धाकटा दीर बसू कडब्याच्या गाडीवरून डोक्यावर पडला. मान वाकडी झाली होती, पण तो बोलत होता, बोटं हलवत होता. अक्का धावत आली. मान तिनं सरळ केली नाही. चौघांना धरायला लावून त्याला अलगद फळीवर घेतलं, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावल्या. मामंजींना म्हणाली, "अप्पा, हाय तसाच गुलबर्ग्याला न्या. वाटंत कुणी बी मान हलवू नका."

मामंजींना ते पटलं नाही. "वाकडी मान घेऊन पोरगं शहरात कामून न्यायचं?" त्यांनी पलीकडच्या गावातल्या हाडं बसवणाऱ्या नावाजलेल्या पैलवानाला बोलावलं. त्यानं पिशव्या बाजूला सारल्या, हनुवटी धरली आणि झटका दिला. मी दारात उभी होते. मला तो आवाज ऐकू आला. बसू म्हणाला, "वैनी, माझे पाय कुठं गेले?" आठव्या दिवशी तो गेला.

तेराव्यानंतर मामंजींनी चावडीत सांगितलं, "पहिला हात त्या बाईनं लावला. तिनंच मोडली." पंचांनी मला बोलावून विचारलं. अक्का समोर बसली होती. मी डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि म्हणाले, "मी चुलीपाशी होते. मी काही बघितलं न्हाई."

त्यानंतर अक्काच्या दारात मोडका हात घेऊनही कुणी आलं नाही. वर्षभरात ती लेकीकडं अफजलपूरला निघाली. एसटी यायच्या आधी मी तिला गाठलं, पाया पडले, माफी मागितली.

"मला कामून सांगायलीस?" ती म्हणाली. "मला ठावं हाय. गावाला सांग."

मी सांगितलं नाही. बारा वर्षं मामंजींना ताट वाढत राहिले. ते गेल्यावर एकदा पाणवठ्यावर मी सगळं बोलून टाकलं. बायकांनी ऐकून घेतलं. एक म्हणाली, "म्हातारी अफजलपूरला कवाच मेली की. आता कामून बोलायलीस?" आणि तिनं घागर उचलली.