सायकलवाल्यांचं कुरण

ओहायोत दुपारचे तीन वाजलेत आणि नागपुरात मध्यरात्र उलटून गेलीय. सुमेधा भोईटेच्या अंगाला अजून नागपूरचंच घड्याळ कळतं. कुरणातली चक्कर संपवून ती गाडीकडे येते तेव्हा पापण्या मिटायला लागलेल्या असतात, आणि चार दिवसांत अकराव्यांदा ती चुकीच्या दारानं गाडीत शिरते.

उजव्या दारानं. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, हे तिच्या डोक्याला कळतं, पायांना कळत नाही. पहिल्या दिवशी भाड्याची गाडी ताब्यात घेताना ती अशीच ऐटीत आत बसली, पट्टा लावला, आणि समोर स्टिअरिंग नाही म्हटल्यावर काहीतरी शोधत असल्यासारखी समोरचा कप्पा उघडून बघत राहिली. किल्ली देणारा माणूस भला होता, त्यानं तेवढा वेळ आभाळाकडे पाहिलं. आज बघायला कोणी नाही. आता इथंच बसू, असं म्हणून ती काच खाली करते आणि डोकं मागं टेकते.

समोरचं कुरण दिसायला कुठल्याही गायरानासारखं आहे. गवत, एक लाकडी शेड, आणि लांबवर रोवलेले छोटे पांढरे झेंडे. पण सायकली दुरुस्त करणाऱ्या दोघा भावांनी समुद्रकाठी पहिलं विमान उडवल्यावर ते हवेत वळवायला शिकले ते इथंच. सुमेधाचे वडील, यशवंत भोईटे, ही गोष्ट कुठलंही निमित्त काढून सांगायचे. फलटणजवळच्या गावातून हवाई दलात फिटर म्हणून गेलेला हा माणूस एकतीस वर्षं विमानांचे सांगाडे तपासत राहिला आणि घरी मात्र जन्मभर सायकलवरून आला. सायकलवाल्यांनी विमान केलं, या गोष्टीचा त्यांना स्वतःच्या कर्तबगारीइतका अभिमान होता. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आबांचं बघायचं राहून गेलं म्हणून आले, असं सुमेधा सगळ्यांना सांगते. ते खरं आहे, पण अर्धंच.

उरलेलं अर्धं तिच्या मांडीवर आहे. मॉटेलच्या काउंटरवर छापून घेतलेला एक कागद. ती नागपुरात एका कंपनीच्या हँगरमध्ये विमानं तपासते. दीड महिन्यापूर्वी एका विमानाच्या चाकाचा दांडा धरून ठेवणाऱ्या बोटभर ब्रॅकेटवर तिला चीर दिसली. तिनं तशी नोंद केली, विमान अकरा दिवस जमिनीवर राहिलं, आणि ब्रॅकेट बदलून टाकल्यावर सगळे म्हणायला लागले की ती चीर नव्हतीच, रंगाचा ओरखडा होता. दुसऱ्या तपासनिसानंही तेच लिहून दिलं. काढलेला ब्रॅकेट कुठे गेला ते आता कुणालाच ठाऊक नाही. हात दाखवून अवलक्षण ते हेच, असं साहेब म्हणाले आणि त्यांनी तिला विश्रांती घ्यायला सांगितलं. आता हा कागद आलाय. तो इंग्रजीत आहे, लांबलचक आहे, पण मधल्या एका वाक्यात सगळं आहे: मला प्रत्यक्षात काहीही दिसलं नव्हतं, नोंद नजरचुकीनं झाली. नागपूरचं ऑफिस उघडायच्या आत सही करून पाठवायचा. सही केली तर पाळीप्रमुख म्हणून परत. नाही केली तर बावीस वर्षांची नोकरी संपली.

खरी गंमत अशी की साहेबांना ती घाबरत नाही. दीड महिना सगळ्यांचं ऐकून ऐकून तिला स्वतःच्याच डोळ्यांची शंका यायला लागलीय. खरंच ओरखडा असला तर?

वारा येतो. पांढरे झेंडे हलतात. त्यातला एक झेंडा जरा जवळ आल्यासारखा वाटतो.

"पट्टा लावलास का?"

डाव्या बाजूला, स्टिअरिंगमागे, आबा बसलेत. निळा कामाचा डगला, कानावर पेन्सिल. सुमेधाला ते गेल्याचं पक्कं आठवतंय, पण ते आत्ता काढायचा विषय नाही असं तिला वाटतं. आलेल्या माणसाला आल्याआल्या असलं विचारू नये.

"तुम्हाला कुठं येते गाडी, आबा?"

"चाळीस टनाची इमानं ओढलीत ट्रॅक्टरनं. ही तर खुळखुळा हाय."

गाडी चालू लागते, पण माणसाच्या चालीनं. विमान ओढताना याहून जोरात जायचं नसतं. रस्ता रुंद होतो, इतका की त्याच्या कडा दिसेनाशा होतात, आणि सुमेधाला कळतं की ही जोधपूरची धावपट्टी आहे. आबांची बदली तिथं होती तेव्हा, ती सात वर्षांची असताना, कुंपणाबाहेरून पाहिलेली. उन्हात डांबर मऊ झालंय. आबा तिला खाली उतरून पंखाजवळून चालायला सांगतात. विमान ओढताना दोन्ही पंखांच्या टोकांशी एकेक माणूस चालतो, पंख कुठं लागू नये म्हणून. ती उतरते. भाड्याच्या पांढऱ्या गाडीला खरंच पंख आहे, तिच्या डोक्याच्या थोडा वर, आणि ती त्याच्या सावलीतून हात वर धरून चालते. तिला फार बरं वाटतं.

मग सावली म्हणजे नागपूरच्या हँगरचं छत असतं आणि गाडी उभी असते. आबा गाडीभोवती फिरताहेत. वाकून चाकं बघतात, काचेची पट्टी उचलून बघतात, दाराच्या बिजागरीत बोट घालतात. मागच्या बंपरवर त्यांना एक चरा सापडतो आणि ते भाडेवाल्यानं दिलेला कागद मागतात. त्यावर गाडीचं चित्र आहे, पण या चऱ्याची खूण नाही.

"ही न बघता सही केलीस?"

"भाड्याची गाडी आहे, आबा."

"म्हून काय झालं? सही भाड्याची न्हाई ना?"

सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथं तर माणूस जळून सहा वर्षं झाली. सुमेधाला हसू येतं, आणि हसता हसताच ती दुसरा कागद पुढे करते. आबा तो वाचत नाहीत. चष्मा आणलेला नाही म्हणतात, तूच सांग म्हणतात. ती सगळं सांगते. आपल्या हाताखाली शिकणाऱ्या पोराला विचारावं तसे ते तिला विचारत जातात. लाल रंग लावलास का? लावला. पुसून वर पांढरी पावडर मारलीस? मारली. मग काय आलं? चिरेत मुरलेला रंग वर यावा तशी पावडरीवर केसाएवढी लाल रेघ उमटली. सगळं धुऊन पुन्हा केलं, तरी पुन्हा तीच उमटली.

"म्हंजे तू बघितलंस."

"बघितलं. पण आबा, ती चीर नसलीच तर? माझंच चुकलं असलं तर?"

आबा एका लाकडी खोक्यावर बसतात. ते खोकं गावाकडच्या घरामागचं आहे आणि शेजारी कढीपत्त्याचं झाड आहे, त्याबद्दल दोघांनाही काही वाटत नाही. आबा सांगतात ते तिनं कधीच ऐकलेलं नसतं. एकदा त्यांनी असंच एक विमान थांबवलं होतं. शेपटीतून येणारा आवाज त्यांना पटला नव्हता. वैमानिक चिडला, मोठे अधिकारी आले, आख्खी शेपूट उघडली. आत काही म्हणजे काही निघालं नाही. त्यानंतर वर्षभर पोरं त्यांना डॉक्टर म्हणायची, जेवणाच्या रांगेत, आमच्या पोटाला कान लावून बघा म्हणायची.

"तुम्ही हे घरी कधी सांगितलं नाहीत," सुमेधा म्हणते. आबांची एकही नोंद कधी चुकली नाही, असं ती आजवर समजत आलीय, लोकांना सांगतही आलीय.

"त्यात सांगन्यासारखं काय? आवाज आला, मी लिवला. चुकलं ते चुकलं. पण आलाच न्हवता असं लिवून दे म्हनले असते, तर न्हाई दिलं." ते कानावरची पेन्सिल नीट खोचतात. "मानूस चुकतो गं. म्हून तर चार मान्सं बघत्यात. पर बघितलेलं बघितलं न्हाई म्हनलं, की मग इमान कुनाच्या भरवशावं उडायचं?"

सुमेधाच्या आता ध्यानात येतं. दीड महिना ती आपण बरोबर होतो का, हेच विचारत बसली होती, आणि कागद तर भलतंच मागतोय. बरोबर की चूक ते कागदाला नकोच आहे. त्याला तिची नजरच पुसून टाकायची आहे. एवढी साधी गोष्ट एका चुकलेल्या फिटरला कळते आणि आपल्याला कळू नये, याचा तिला राग येतो. आणि त्या रागाच्या वर, त्याहून मोठा, या माणसाचा अभिमान. न चुकणाऱ्या आबांपेक्षा हे आबा तिला जास्त आवडतात.

ती कागद त्यांच्यापुढे धरते. खोडा, म्हणते.

"मी कसा खोडू? नजर कुनाची हाय?" ते पेनही देत नाहीत, नुसतं शिकवतात. खोडायचं तर एकच रेघ. गिरवायचं नाही, खरडायचं नाही. खाली काय होतं ते उद्या वाचता आलं पाहिजे. बाजूला सही आणि तारीख.

ती रेघ ओढते.

"आता बस," आबा म्हणतात.

ती उजव्या दारानंच आत बसते आणि या वेळी स्टिअरिंग तिच्यासमोर आहे. पुढे सगळं कुरण पसरलंय. आबा गाडीसमोर जाऊन उभे राहतात, दोन्ही हात वर करून तिला पुढे बोलावतात, मग डावीकडे वळायची खूण करतात, पहिल्या पांढऱ्या झेंड्याकडे. गाडी त्यांच्या बाजूनं जाते तेव्हा ते टाचा जुळवतात आणि सलाम करतात. असा सलाम ते वैमानिकांना करायचे, विमान निघताना. कुंपणाबाहेर उभ्या राहिलेल्या पोरीनं तो शेकडो वेळा दुरून पाहिलाय. आज तो तिच्यासाठी आहे. गवत चाकांखालून सुटतं, झेंडे वळत मागं जातात, आणि सुमेधाला वळणात जराही भीती वाटत नाही.

तिला जाग येते ती मान अवघडल्यामुळे. ती उजव्याच सीटवर आहे. तीन चाळीस झालेत. लांब शेडजवळ एक म्हातारं जोडपं फोटो काढतंय. डावी सीट रिकामी आहे, आणि ती रिकामी आहे याचं तिला रडू येतं, थोडंसंच.

मांडीवर कागद आहे. मधल्या वाक्यावरून एक रेघ गेलीय, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, आणि रेघेखालचा शब्दन् शब्द वाचता येतोय. बाजूला आजची तारीख आणि सही आहे. पेन तिच्याच मुठीत आहे आणि अक्षरही तिचंच. झोपेत माणूस काहीही करतो, असं ती स्वतःला समजावते. हा कागद ती असाच पाठवणार आहे, त्याबद्दल आता विचार करण्यासारखं काही उरलेलं नाही.

मग ती सही नीट बघते. गेली कित्येक वर्षं ती एस. भोईटे अशी सही करत आलीय. रोज शंभर कागदांवर सह्या करताना आबांच्या नावाचं मधलं अक्षर कधी गळालं ते तिलाही आठवत नाही. इथं ते आहे. एस. वाय. भोईटे. आणि वाय इतका दाबून काढलाय, की कागद उलटा केल्यावर, मागच्या बाजूनंही, तो तिच्या बोटाला लागतो.