सरांची बेमोसमी प्रदर्शनं

चार माणसं आणि एक टेबल दिसलं की तिथे विज्ञान प्रदर्शन भरवता येतं, अशी ठाम समजूत असलेला माणूस साऱ्या खानदेशात एकच होऊन गेला, आणि तो नेमका धुळ्याच्या आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला होता. इतर शाळांची प्रदर्शनं हिवाळ्यात व्हायची. आधी तालुक्याचं, मग जिल्ह्याचं. तक्ते रंगवायचे, परीक्षकांपुढे पाठ केलेलं म्हणून दाखवायचं आणि संक्रांतीच्या सुमारास सगळं सामान कपाटावर टाकून मोकळं व्हायचं. आमच्या सरांना हा प्रकार मुळीच पटत नसे. "एक पीक निघालं म्हणून शेतकरी वर्षभर खाटेवर पडून राहतो का?" असं ते मुख्याध्यापकांना तोंडावर विचारत. मुख्याध्यापकांच्या घरी शेती नव्हती, त्यामुळे ते परवानगीच्या कागदावर सही करून टाकायचे. मग सर बेमोसमी प्रदर्शनांच्या शोधात निघायचे. जळगावचा कृषी मेळावा, कुठल्याशा गणेश मंडळाचा देखावा, पतपेढीचा वर्धापन दिन, एकदा तर शिरपूरकडचा बैलांचा बाजार, असं कुठेही आमचं पथक आपला यंत्रमानव घेऊन हजर असायचं. बैलांच्या बाजारात आमच्याकडे फक्त बैलांनी पाहिलं, पण सर खूश होते. "नवीन प्रेक्षकवर्ग," ते म्हणाले.

या यंत्रमानवाचं शाळेच्या दप्तरी नाव 'स्वयंचलित यंत्रमानव' असं होतं. आम्ही मुलं त्याला डबाभाऊ म्हणायचो. त्याचं धड म्हणजे तेलाचा डबा. हाताला काच पुसायच्या वायपरची मोटर होती; ती सरांनी आग्रा रोडवरच्या गॅरेजांत भंगार उपसून मिळवली होती. पायाशी मोटारसायकलची बॅटरी, आणि कपाळावर एक बारीक डोळा, ज्याला उजेड-अंधार कळायचा. डोळ्यावर सावली पडली की डबाभाऊचा उजवा हात सावकाश वर जायचा आणि छातीतला दिवा लागायचा. उजेड आला की हात खाली. एवढंच. पण एवढ्यासाठी सरांच्या घरचा टेपरेकॉर्डर, मुलाची सायकल आणि त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या काकूंचा, मिक्सर यांचे अवयव कामी आले होते. "आमच्याकडे वस्तू बिघडली तर दुरुस्त होत नाही," काकू म्हणायच्या, "तिची प्रदर्शनाला बदली होते."

सरांच्या खिशाला पेन नसायचं, टेस्टर असायचा. फळ्यावर काही दाखवायचं असलं तरी टेस्टरनेच, आणि वर्गात कुणी गप्पा मारत असला तर त्याच्या डोक्याला टेस्टर टेकवून ते विचारायचे, "करंट आहे की गेला?" एस.टी.त डबाभाऊला ते खिडकीशी बसवायचे. एकदा कंडक्टरने याचंही तिकीट लागेल म्हटलं, तर सर म्हणाले, "याचं वय अजून वर्षाचंही नाही. मांडीवर घेतो." आणि जळगावपर्यंत तो पत्र्याचा गडी खरोखरच मांडीवर घेऊन बसले. त्याच फेरीत त्यांनी डबाभाऊला एका लग्नालाही नेलं. मित्राच्या मुलीचं लग्न होतं. पाहुण्यांचं मनोरंजन म्हणून डबाभाऊच्या हातात अक्षता देऊन सरांनी त्याला बोहल्याजवळ उभा केला. अंतरपाट जरा सरकला, त्याची सावली कपाळावर पडली आणि मंगलाष्टक अर्ध्यावर असतानाच याचा हात वर गेला. झालं! सगळ्या मांडवाने धडाधड अक्षता टाकल्या. भटजी बिचारे डोक्यावरचे तांदूळ झाडत पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

या पथकात मी होते, हे मात्र कुणाला समजत नसे. कारण मी शाळेत बोलायचेच नाही. आमचं मूळ गाव तापीकाठचं, घरी सगळं अहिराणीत चालायचं. पाचवीत नवी असताना बाईंनी काहीतरी विचारलं आणि मी उभी राहून "बठ्ठं व्हई गयं", म्हणजे सगळं झालं, असं उत्तर दिलं. वर्ग इतका हसला की मी त्या दिवसापासून तोंडच मिटलं. मान हलवून जेवढं काम भागेल तेवढं भागवायचे. अशा मुलीला सरांनी नववीत डबाभाऊची माहिती सांगायला नेमलं! वर तक्त्यावरचा मजकूर पाठ करायला दिला: 'प्रस्तुत यंत्रमानव प्रकाशसंवेदी घटकाच्या साहाय्याने...' मी प्रकाशसंवेदीपर्यंत कशीबशी यायचे आणि तिथेच अडकायचे. पाहुणे वाट बघायचे, कंटाळायचे, निघून जायचे. आणि सर? समोर माणसं आली रे आली की सरांना चहाची तलफ यायची. "तू सांग, मी आलोच," म्हणून ते जे टपरीवर जायचे ते गर्दी पांगल्यावरच उगवायचे. मला त्या चहाचा भयंकर राग यायचा.

नववीची परीक्षा झाली आणि माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, पाय आपटला. नाना बांधकाम खात्यात कारकून. बोलणं मोजकं, पण एकदा बोलले की संपलं. सर घरी आले तेव्हा नाना म्हणाले, "सर, फार होतंय. दहावीचं वर्ष आहे. इतकी प्रदर्शनं करून हिला मिळालं काय? ना बक्षीस, ना काही. पोरगी अजून चार माणसांत तोंड उघडत नाही. तुमच्या पथकातून हिचं नाव काढा." मी दाराआड उभी होते. मला वाटलं होतं, सुटले म्हणून आनंद होईल. पण झाला नाही. शाळेत मला कुणी कशाला बोलावत असेल तर तो एक डबाभाऊच होता. सरांनी खिशातला टेस्टर काढून पुन्हा खोचला. मग म्हणाले, "चैत्राची यात्रा आहे, तुमच्याच गावाकडे. तेवढं एक होऊ द्या. तुम्हीही चला. नंतर मी पुन्हा यायचा नाही." नानांनी शेवटचं म्हणून मान डोलावली.

यात्रेत आम्हाला देवळाच्या वाटेवर, बांगड्यांच्या दुकानाशेजारी कडुनिंबाखाली जागा मिळाली. ऊन मी म्हणत होतं. नाना पिशवी घेऊन बाजूला दगडावर बसले. देवळातून बायकांचा घोळका निघाला तशी सरांना अर्थातच चहाची आठवण झाली. घोळक्यात पुढे एक म्हातारी होती, हातात पूजेचं ताट. वाटेवर जे उभं दिसेल त्याला हळदकुंकू वाहत ती येत होती: दगड झाले, झाड झालं, मग आमचा डबाभाऊ. तिने भक्तिभावाने बोट भरून कुंकू घेतलं आणि त्याच्या कपाळावर, बरोबर डोळ्यावर, टेकवलं. डबाभाऊचा हात सावकाश वर गेला. छातीत दिवा लागला.

"आशीर्वाद दिन्हा वं माय!" म्हातारी ओरडली आणि साऱ्या बायका हात जोडून पुढे सरकल्या. कुंकू निघेना, त्यामुळे हातही खाली येईना. कुणी फूल वाहिलं, कुणी नारळ पुढे केला, आणि एकीने पाण्याचा तांब्या उचलला. खाली बॅटरी, उघड्या वायरी. मी सरांकडे पाहिलं. ते टपरीपाशी कप हातात धरून उभे होते, सगळं स्पष्ट दिसत होतं त्यांना, पण जागचे हलले नाहीत. माझ्या तोंडात 'प्रस्तुत यंत्रमानव' आलं आणि तिथेच विरलं.

"मावशी, पानी टाकू नका!" मी ओरडले. "हाऊ देव नही शे. तेलना डबा शे!"

सगळ्या थांबल्या. म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग हात कसा वर करस?"

"त्याना कपायवर डोया शे. तुम्हीन डोयावर कुकू लायं. त्याले वाटनं, रात व्हई गयी. अंधार पडना का हाऊ हात वर करस." मी ओढणीच्या टोकाने कुंकू पुसलं. हात खाली आला. डोळ्यापुढे तळहात धरला, हात पुन्हा वर गेला. मग काय, प्रत्येकीला आपापला तळहात धरून बघायचा होता. दिवा कुठून लागतो, मोटर कसली, पाऊस आला तर काय, एक ना दोन, प्रश्नांचा नुसता भडिमार! आणि मी बोलत होते. किती बोलले कुणास ठाऊक. घसा सुकला तरी बोलत होते.

"डबाले इतली अक्कल कोनी दिधी?" म्हातारीने शेवटी विचारलं.

"मी दिधी," मी म्हणाले.

परतीच्या एस.टी.त नाना सरांच्या शेजारी येऊन बसले. मग सरांना म्हणाले, "त्या बाईने पाणी ओतलं असतं म्हणजे? डबा जळला असता."

"दुसरा डबा मिळाला असता," सर म्हणाले.

नानांनी बाहेर पाहिलं. मग एकदम घरच्या बोलीत म्हणाले, "सर, आते पुढलं प्रदर्शन कोठे शे?" मी सरांकडे बघत होते. सर हसले. म्हणाले, "आता नाही, नाना. दहावी आहे. आता तिला अभ्यास करू द्या."

मी इंजिनिअर झाले. जळगावला ठिबक सिंचनाच्या कामाला लागले, शेतकऱ्यांना बांधावर उभं राहून संच समजावू लागले, त्यांच्या बोलीत, दिवसभर. सर गेल्याचंही मला असंच एका शेतात कळलं, आणि समोरच्या माणसाला काय सांगत होते तेच मला आठवेना. त्यांचे उपकार मी त्यांना कधी तोंडाने सांगितले नाहीत, ही चुटपुट राहिली. दहावीच्या त्या जूनमध्ये मात्र मी त्यांना रस्त्यात पाहिलं होतं. डबाभाऊ सायकलच्या कॅरिअरवर बांधलेला, आणि शेजारून आठवीतली एक मुलगी बॅटरी छातीशी धरून चाललेली. मी तिला विचारलं, कुठे निघालात? तिने नुसतीच मान खाली घातली. तिला कुठवर न्यायचं आणि कुठे चहाला निघून जायचं ते सरांना ठाऊक होतं, म्हणून काळजी अशी वाटली नाही. हेवा मात्र वाटला. सरांची प्रदर्शनं फार होतात असं सारं धुळं म्हणायचं. मला विचाराल तर माझ्या वाट्याला एक कमीच पडलं.