पाय लागला म्हणून

चार घरच्या पोळ्या करून मी संध्याकाळी मंडईच्या मेट्रो स्टेशनात उतरते, तेव्हा वर रस्त्यावर यायला गुडघे नाही म्हणतात. शेजारी सरकता जिना असतो. मी मात्र साध्या पायऱ्याच चढते, कारण चालत्या जिन्यावर पाय टाकायची भीती वाटते आणि कुणाला विचारायची लाज वाटते.

आज त्या जिन्यापाशी एक म्हातारी थबकली होती. चपला काढून तिने काखेत धरल्या होत्या.

"बाई, माझा हात धर. तू रोजची दिसतेस."

"चपला कशाला काढल्या, आजी?"

"तो चालतोय ना. चालत्याच्या अंगावर चपलेनं कसं उभं राहायचं?"

मी हात धरला. कोण कुणाच्या आधाराने उभं होतं, देव जाणे. वर येईपर्यंत मला काहीच करावं लागलं नाही. कुणीतरी आपल्याला उचलून नेतंय, हे सुख मी विसरूनच गेले होते.

वर आल्यावर आजीने जिन्याच्या हाताशी सरकणाऱ्या काळ्या पट्ट्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.

मागचा एक जण हसला. "आजी, देव नाही तो."

"माहितीये. पाय लागला म्हणून."

आपल्यात माणसाला, पुस्तकाला, सांडलेल्या धान्यालाही पाय लागला की नमस्कार करतात. माझ्या घरचे सगळे माझ्यावर पाय रोवून उभे आहेत. तसा हात मला अजून कुणी लावला नाही.

आजी चपला घालून भाजीवाल्यांच्या गर्दीत गेली.