सारवणातली टाच

शेजारणीनं अंगण सारवलं आणि शेणाचा ओला वास खिडकीतून आला. मोताळ्याच्या आमच्या घरची ती सकाळ आठवली.

घोट्याच्या ऑपरेशननंतर नुकतीच काठी सोडली होती. ओल्या सारवणावरूनच मी ऐटीत नळापर्यंत गेले. मागं वळून पाहते तर काय, एक पाऊल पूर्ण, दुसऱ्याची नुसती बोटं! टाच कुठंच नाही.

"माय वं, हे कोण लंगडत गेलं?"

"तूच तं गेली, बाई," आई म्हणाली.

मी हादरलेच. मला तर वाटत होतं, मी नीट चालते.

ओल्यावर पाय पडला की घर डोक्यावर घेणारी आई मग रोज सारवून म्हणायची, "चाल आता यावरून."

टाच उमटली, त्यानंतर तेवढा तुकडा तिनं कितीतरी दिवस सारवलाच नाही.