पत्र्याखालचा उन्हाळा

लेक चार वर्षांची होती तेव्हाही आम्ही कबनूरला यंत्रमागाच्या शेडला चिकटून असलेल्या खोलीत राहायचो. डोक्यावर पत्रा, दार एकच. खिडकी शेडमध्ये उघडायची. उघडली की खडखडाट आणि सुताची धूळ आत यायची, म्हणून ती कायम बंद. नवरा माग चालवायचा, मी त्यासाठी सुताच्या कांड्या भरायचे. खोली मागमालकाची होती. काम सुटलं की खोलीही सुटणार.

पूर्वी चार दिवस तापलं की वळीव यायचा, गार वाटायचं. त्या वर्षी तो आलाच नाही. आम्ही पत्र्यावर ओली पोती टाकायचो, ती बघता बघता वाळायची. पंखा गरम वाराच फेकायचा.

एका दुपारी कांड्या भरून परत आले, तर लेक फरशीला गाल लावून पडलेली. अंग तापलेलं, हाक मारली तरी डोळे उघडेना. तसंच तिला उचलून दवाखाना गाठला. सलाईन लावल्यावर खोलीचं ऐकून डॉक्टर म्हणाले, "ऊन बाधलंय. दुपारी हिला त्या खोलीत ठेवू नका."

"मग कुठं ठेवू, डॉक्टर?"

ते पुढच्या पेशंटकडं वळले.

घाटाकडच्या मलकापूरच्या नणंदेनं फोनवर ऐकलं आणि ती ओरडलीच, "वहिनी, पोरीला हिकडं पाठवा की! कौलारू घर हाय, मागं फणसाची सावली हाय."

नवरा म्हणाला, "तू बी जा."

"आणि कांड्या कोण भरंल? खोली ऱ्हाईल का?"

त्यानं लेकीचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

मी तिला एसटीनं घेऊन गेले. बांबवड्याच्या पुढं खिडकीतून गार वारा आला तशी ती मांडीवरच झोपली. दुसऱ्या दिवशी निघताना तिनं माझा पदर धरला. "आई, तू बी हिकडंच ऱ्हा की." नणंदेनं तिची बोटं एकेक करून सोडवली.

परत आल्यावर खोली जास्तच लहान वाटली. लेक तिकडं बरी झाली, घामोळ्या गेल्या, जेवायला लागली. फोनवर हे ऐकून बरं वाटायचं, आणि फोन ठेवला की मी तिच्या अंथरुणाची घडी उगाच मोडून पुन्हा घालायचे.

शाळेसाठी पावसाळ्यात तिला परत आणलं. यंदा त्याच खोलीत होळीआधीच पत्रा तापायला लागला. काल केस विंचरताना तिनं विचारलं, "आत्याकडं कधी सोडणार मला?"

"सुट्टी लागली की," मी म्हणाले, आणि तिची वेणी घालत राहिले.