गराजमधली तोंडी परीक्षा

माझी वाचा बसली होती, असं सांगितलं की आमच्या ओळखीतले लोक आधी हसतात आणि मग बायकोकडे बघून खात्री करून घेतात. ती मान डोलावते. ऑस्ट्रेलियात, टूवूंबात, आमच्याच गराजमध्ये, वॉशिंग मशीनवर ठेवलेल्या लॅपटॉपसमोर वाचा बसली होती. आणि तीही तोंडी परीक्षेत!

परीक्षा पत्र्याच्या कामाची होती. बायको इथल्या युनिव्हर्सिटीत शिकायला आली, तिच्यामागून मी आणि मुलगी. तिचा कोर्स संपला, तिला हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम मिळालं, मला भाज्या पॅक करायच्या शेडमध्ये. व्हिसा मात्र संपत आला होता. पुढे राहायचं तर पिंपरीत उमेदीची सगळी वर्षं केलेलं माझं काम इथल्या परीक्षकाला पटायला हवं होतं. वयाच्या अटीमुळे दुसऱ्यांदा अर्ज करायची सोय नव्हती. पास झालो तर राहायचं, नाही तर सामान बांधायचं.

आता तुम्हाला वाटेल, एवढी वर्षं काम केलेल्या माणसाला कसली भीती? सांगतो. आमच्या प्रेस शॉपमध्ये कुणी बोलतच नसे. दिवसभर पत्रा दाबायचे प्रेस असे आदळत की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी समोरच्याला फक्त थुंकी लागायची. म्हणून सगळा कारभार हातांनी चाले. चार बोटं काटकोनात वाकवली की फ्लँज, म्हणजे पत्र्याची उभी केलेली कड. बोटं पार तळव्यावर दाबली की हेम, म्हणजे कड दुमडून पत्र्यावरच बसवायची. अंगठा बोटांच्या कडेवरून फिरवून चटका बसल्यासारखा झटकला की बर, कापल्यावर कडेला राहते ती धार. शब्द आम्हाला सगळे माहीत होते, ड्रॉइंगवर लिहिलेलेच असत. पण ते एका वाक्यात ओवून कुणाला ऐकवायची वेळ कधी आलीच नव्हती.

बायको रोज रात्री पोळ्या लाटता लाटता माझी तयारी घ्यायची.

"स्प्रिंगबॅक म्हणजे काय?"

मी हात वर केला.

"हात खाली! तोंडाने."

"अगं, पत्रा वाकवला ना, की सोडल्यावर तो थोडा परत..."

"इंग्लिशमध्ये."

"द शीट... इट इज... कमिंग बॅक..."

"कुठून कमिंग बॅक? सिडनीहून?" तिने लाटणं आपटलं. "अहो, माझ्या भावाच्या लग्नात अख्ख्या पंगतीला जेवू दिलं नव्हतंत! तेव्हा बरं चाललं तोंड."

मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "डॅड, जस्ट टॉक नॉर्मल." नॉर्मल! घाबरलो की माझं इंग्लिश आधी जातं आणि मग मराठीही त्याच्या मागून जातं.

परीक्षेच्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घातला. खाली शॉर्ट्सच होत्या. स्क्रीनवर परीक्षक आला, उन्हाने रापलेला, चष्मा कपाळावर चढवलेला. नाव, गाव, अनुभव इथपर्यंत गाडी नीट चालली. मग तो म्हणाला, "सपाट पत्र्यापासून एक ट्रे बनवायचाय, कडा हातांना लागता कामा नयेत. कसा बनवशील, सुरुवातीपासून सांग."

सोपा प्रश्न. मी असे ट्रे झोपेत बनवले असतील. तोंड उघडलं आणि आतून काहीच आलं नाही. तो थांबला होता. दाराच्या फटीतून बायकोची सावली दिसत होती, तीही थांबली होती.

तेवढ्यात शेजारच्या आजोबांनी गवत कापायचा मोवर सुरू केला.

काय तो आवाज! पत्र्याचं गराज, त्यात तो घुमला. परीक्षक कानाला हात लावून काहीतरी बोलला, मला ऐकू आलं नाही. आणि देवाशपथ सांगतो, माझे खांदे सैल झाले. एवढ्या आवाजात काम कसं करायचं हे मला पक्कं माहीत होतं. माझे हात आपणहून वर आले. पत्रा मापला, कोपरे कापले, बर काढली, आधी हेम दाबली, मग एकेक फ्लँज उभी केली.

परीक्षक हाताने खुणावत होता, मागे सर, मागे सर. माझे हात त्याला अर्धेच दिसत होते. मी मागे सरलो. शॉर्ट्स दिसल्या असणार.

मोवर थांबला. परीक्षक म्हणाला, "मेट, रेकॉर्डिंगमध्ये मला शब्द लागतात. पुन्हा कर, आणि तुझे हात काय करतायत ते सांगत जा."

मग काय! मी माझ्याच हातांची कॉमेंट्री सुरू केली. तोडकीमोडकी का होईना, इंग्लिशमध्ये. हा बघा पत्रा, आता ही कड तळव्यावर बसतेय, नाही, नीट बसली नाही, पुन्हा दाबतोय. त्याने मध्येच विचारलं, वाकवलेली बाजू पूर्ण काटकोनात राहत नसेल तर? मी तळवा वाकवला, किंचित जास्त वाकवला, मग सैल सोडला आणि ओरडलो, "लिटल मोअर यू बेंड, बिकॉज इट कम्स बॅक!" मी इतका रंगलो की शेवटी त्यालाच म्हणावं लागलं, "पुरे. मला हवं ते मिळालं."

कॉल संपला. हवं ते म्हणजे काय? यावर आमच्या घरी पुढचे किती दिवस चर्चा झाली म्हणून सांगू! बायको म्हणे, चांगलंच असणार. मी म्हणे, नापास करायला हवं तेवढं मिळालं असेल. मला जेवण जाईना. शेडमध्ये मी गाजरांच्या पेटीत बटाटे भरले.

निकाल आला तेव्हा बायको शिफ्टला होती. मी तिला आणायला गाडी घेऊन गेलो. तोंड पाडून कसं बसायचं, मग हळूच कसं सांगायचं, सगळं ठरवलं होतं. ती दार उघडून बसली, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा असा उतरला की माझं नाटक तिथेच मोडलं.

"पास," मी म्हणालो. "अगं, पास झालो."

तिने पर्समधून फोन काढून पिंपरीला भावाला लावला.

"दादा," ती म्हणाली, "आम्ही इथेच राहतोय. आमच्यासाठी तो फ्लॅट नको बघूस आता. आणि मुलीच्या तिथल्या शाळेचंही राहू दे."

मला ना फ्लॅटचं माहीत होतं, ना शाळेचं. मी गाडी सुरू केली आणि घराकडे वळवली.